असली काशम्मा एकच

सुंदरम्माने भुवनेश्वरीशी बोलणं टाकलं त्याला वर्ष होत आलं होतं. मेल मात्र तिचे नेमाने येत. आठवड्याला एक ठरलेला, सणासुदीला जास्त. 'प्रिय भुवनेश्वरी, आज तुमच्या ताटात काय कमी आहे?' असा त्याचा मथळा. गिऱ्हाइकांच्या यादीत जे नाव असेल ते कॉम्प्युटर आपोआप घालत असे, हे भुवनेश्वरीला कुणी सांगायला नको होतं. तरी थोरल्या जावेकडून आलेलं ते 'प्रिय' वाचलं की तिचं डोकं फिरायचं. मेलच्या तळाशी यादीतून बाहेर पडायची सोय होती. ती वापरत नव्हती.

"कशाला वाचतीस सारखं सारखं?" सोमेश, तिचा नवरा, विचारायचा.

"शत्रू काय करायलाय ते कळाय नको?"

"शत्रू कसली, वहिनी हाय ती."

"तुमची असंल. माझी कोणी न्हाय."

भुवनेश्वरी अक्कलकोटची. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषांत जिभेला धार. लग्नानंतर ती सोमेशबरोबर पुण्याला गेली आणि तिथे एका कंपनीत लागली. दुसऱ्यांच्या दुकानांचे मेल लिहून द्यायचे, हे त्या कंपनीचं काम. साड्या, चष्मे, गाद्या, कुत्र्यांचं खाणं, जे समोर येईल त्याच्यासाठी तिने लिहिलं. लॉकडाऊनमध्ये दोघांच्याही नोकऱ्या गेल्या आणि दोघं सोलापूरला, बाळीवेशीतल्या घरी परतली. खाली शेंगा चटणीचं आणि कडक भाकरीचं दुकान, वर घर. दुकान थोरला दीर भीमाशंकर बघायचा. गल्ल्यावर सासू काशम्मा बसायची. मागच्या पडवीत भट्टी आणि उखळ, आणि तिथलं राज्य सुंदरम्माचं. दाणे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, मुसळ कधी थांबवायचं, हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नसे. कामाला बायका होत्या, पण शेवटची चव तीच घ्यायची. तिच्या हातावरचा तिखटाचा रंग सणाच्या दिवशीसुद्धा जात नसे.

त्या दिवसांत दुकानाचा दरवाजा अर्धाच उघडा असायचा. भुवनेश्वरीने वेबसाइट उभी केली, चटणी पार्सलने जाऊ लागली, आणि ज्यांनी एकदा मागवली त्यांना ती मेल पाठवू लागली. दुपारी भट्टी विझली की सुंदरम्मा पदराला हात पुसत येऊन लॅपटॉपशेजारी बसायची. ते दिवस चांगले होते, हे भुवनेश्वरी नंतर कधी कबूल करत नसे.

"आता हे काय लिवायलीस?"

"स्वागताचा मेल, अक्का. नवीन माणसानं नाव नोंदवलं की लगेच जातो. आपण कोण, काय विकतो, ते सांगायचं. पहिल्याच दिवशी कुणी उघडला तर पुढचे उघडतो."

"म्हणजे या, बसा, पाणी घ्या."

"तसंच. आणि हा दुसरा. माणसानं चटणी निवडली, पिशवीत टाकली आन् पैसे न देताच गेला, तर त्याला आठवण करायची."

"पायरी उतरणाऱ्याला हाक. ते तर अत्ती रोज करत्यात." अत्ती म्हणजे सासू. गल्ल्यावरून काशम्माची हाक खरंच कोपऱ्यापर्यंत जायची.

पार्सल निघालं, पोचलं, हे कळवणारा मेल विक्रीसाठी नसतो, पण सगळ्यात जास्त तोच उघडला जातो, हेही सुंदरम्माला चटकन समजलं. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी 'चटणी कशी वाटली?' असं विचारायचं, म्हणजे चांगलं बोलणाऱ्यांचं बोलणं नवीन गिऱ्हाइकाला दाखवता येतं. बरेच दिवस न फिरकलेल्याला 'विसरलात का आम्हाला?' म्हणायचं. सगळं तिला पटायचं, एक सोडून.

"'शेवटचे काही तास' हे काय? उद्या बी हाय की चटणी."

"गिऱ्हाइकाला घाई वाटली पायजे, अक्का. न्हायतर ते उद्या घेतो म्हणतंय आन् घेतच न्हाय."

"पण मग ते खोटं झालं की."

"सगळेच करत्यात."

सुंदरम्मा हसली नाही. उद्याचे दाणे निवडायचेत म्हणून उठली.

मग गोष्टीचा मेल आला, आणि तिथून सगळं नासलं. या प्रकारच्या मेलमध्ये काही विकायचं नसतं. वाचणाऱ्याला आपल्याबद्दल माया वाटावी, पुढच्या वेळी आपला मेल दिसला की ओळखीचं माणूस आल्यासारखं वाटावं, एवढाच हेतू. भुवनेश्वरीने काशम्माची गोष्ट लिहिली. पांढरे केस, कपाळभर विभूती, इरकल साडी आणि हातात मुसळ. फोटो काढताना चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून स्टीलचं ताट तिरकं धरून उभी होती ती सुंदरम्मा. 'सून म्हणून या घरात आल्यापासून काशम्मा स्वतःच्या हाताने चटणी कांडतात,' असं मेलमध्ये होतं. खरं तर काशम्माला तिखट सोसत नसे, पडवीत गेली की ती शिंकत बाहेर यायची. खाली सही होती, 'तुमची भुवनेश्वरी, काशम्मांची सून.' जणू सून एकच.

तो मेल कुठल्या कुठे गेला. लोकांनी तो पुढे पाठवला, उत्तरं लिहिली, चटणीचं नावच 'काशम्मा' पडलं. एके दिवशी मुंबईचं एक जोडपं दुकान शोधत आलं. त्यांना आजींना भेटायचं होतं आणि भुवनेश्वरीताईंबरोबर फोटो हवा होता. सुंदरम्मा पडवीतून चटणीचं घमेलं घेऊन आली तेव्हा त्या बाईने अगदी प्रेमाने विचारलं, "मावशी, तुम्ही इथं कामाला का?"

"व्हय," सुंदरम्मा म्हणाली. "लई वर्षं झाली."

संध्याकाळी तिने भुवनेश्वरीला गाठलं. पुढच्या मेलमध्ये माझं नाव घाल, एवढंच म्हणाली. भुवनेश्वरी त्या वेळी पार्सलच्या गडबडीत होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं.

"अक्का, गिऱ्हाइकाला आजी लागती. तुमचा फोटो घातला असता तर चटणी खपली असती का?"

त्यानंतर एका घरात दोन चुली व्हायला वेळ लागला नाही. भांडण भावांपर्यंत गेलं, भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, समाजातल्या चार जाणत्यांनी मधे पडून वाटण्या केल्या. दुकान थोरल्याकडे, वेबसाइट धाकट्याकडे. 'काशम्मा' हे नाव दोघांनीही वापरावं, असं त्या शहाण्यांनी ठरवलं. गिऱ्हाइकांची यादी दोघांनी उतरवून घेतली. काशम्मा स्वतः दुकानातून हलली नाही. सोमेश आणि भुवनेश्वरीने शहराच्या जुळे सोलापूर या नव्या भागात घर घेतलं, मागे शेड टाकली आणि करकंबची एक बाई चटणी करायला ठेवली.

लढाई मेलमध्ये सुरू झाली. भुवनेश्वरीने पहिला पाठवला, 'असली काशम्मा एकच.' सुंदरम्माने होटगी रोडच्या एका जाहिरातवाल्याला धरून स्वतःची वेबसाइट काढली होती, दुसऱ्याच दिवशी तिचं उत्तर आलं, 'आमची कुठेही शाखा नाही.' भुवनेश्वरीने संक्रांतीची सवलत काढली की सुंदरम्मा त्याहून मोठी काढायची. भुवनेश्वरीने 'विसरलात का आम्हाला?' विचारलं की बाळीवेशीतून मेल यायचा, 'आम्ही तुम्हाला विसरलो नाही.' वाक्यं जाहिरातवाल्याची नव्हती, भुवनेश्वरीला हे ओळखू येत होतं. पायरी उतरणाऱ्याला हाक कशी मारायची हे जिला तिने शिकवलं, तीच आता तिच्या पायरीवरून माणसं ओढून नेत होती. यादीतली बिचारी माणसं दोन्हीकडचे मेल वाचून वैतागली. कुणी लिहिलं, 'तुमचं घरचं भांडण घरात ठेवा.' कुणी काहीच न लिहिता यादीतून निघून गेले.

आणि मग भुवनेश्वरीने एक नीच काम केलं. अकलूजच्या मावसबहिणीच्या नावाने तिने बाळीवेशीतून चटणी मागवली. पार्सल आलं, चार दिवसांनी 'चटणी कशी वाटली?' आलं. तिने पाचांपैकी एकच चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'खवट लागली. शेंगदाणे जुने असावेत. लहान मुलांनी खाऊ नये.'

चटणी खवट नव्हती. तिने डबा उघडून चमचाभर भाकरीबरोबर खाल्ली होती, मग उरलेला डबा फ्रीजच्या मागे ढकलला होता. सोमेशलाही दिली नाही.

सुंदरम्माला नात्यातल्या प्रत्येक बाईचं सासर आणि आडनाव पाठ होतं. अकलूजची ती मावसबहीण कुणाची कोण, हे तिला नाव वाचताच कळलं. दोन दिवस बाळीवेशीतून काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या यादीला मेल गेला. वर काशम्माचा तोच फोटो, खाली काशम्माची सही.

'मी काशम्मा. पोटच्या पोरीसारखं जिला वागवलं ती धाकटी सून माझं नाव घेऊन वेगळी झाली. ती विकते ती चटणी माझी नव्हे. तिच्या घरचं पाणीसुद्धा मी पीत नाही. ज्यांना माझ्याबद्दल माया असेल त्यांनी तिच्याकडून घेऊ नये.'

भुवनेश्वरीच्या माहेरी तो पोचला. नणंदेने विजापूरहून फोन करून विचारलं. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. सोमेश म्हणाला, "जाऊ नको आता. डोकं शांत होऊ दे." ती चप्पल घालून निघाली होती.

बाळीवेशीत दुपारची वेळ होती, दुकानाचं शटर अर्धं खाली. काशम्मा गल्ल्यामागे खुर्चीवर बसली होती, सुंदरम्मा कडक भाकरीच्या चवडी बांधत होती. भुवनेश्वरी वाकून आत आली. जावेकडे तिने पाहिलंही नाही.

"अत्ती, तुमच्या नावानं हिनं काय लिवलंय ते ठाऊक हाय का?"

काशम्माला कानडी वाचता येई, मराठी नाही. भुवनेश्वरीने फोनवरचा मेल एकेक वाक्य कानडीत करून वाचला. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हे मी कवा म्हटलं?" तिने सुंदरम्माला विचारलं.

"तुमच्या मनात तेच होतं की."

"माझ्या मनातलं मी सांगंन, न्हायतर न्हाय सांगणार. तू कोण सांगणार?"

सुंदरम्माने सुतळी बाजूला टाकली. "आता हिचं बी ऐका," ती म्हणाली आणि स्वतःचा फोन काढला. भुवनेश्वरीने गेल्या पंधरवड्यात पाठवलेला मेल तिला बघावाही लागला नाही, तोंडपाठ होता. "'आज सकाळीच आमच्या सासूबाईंनी ताज्या चटणीची चव घेतली आणि मान डोलावली. त्यांनी मान डोलावल्याशिवाय आमच्या घरातून एकही पाकीट बाहेर जात नाही.'"

"तुझ्या घरी मी शेवटचं कवा आले ग?" काशम्माने विचारलं.

भुवनेश्वरीने फोन पर्समध्ये टाकला.

"वास्तुशांतीला. त्यावर तू बोलवलं न्हाईस, मी आले न्हाय. मान कुटं डोलवली मी?"

"अत्ती, ते लिवायची एक पद्धत असती..."

"पद्धत!" सुंदरम्मा उठून उभी राहिली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "माझी चटणी खवट? अकलूजच्या नावानं लिवतीस, लाज वाटत न्हाय? पुण्याला होतीस तवा दर महिन्याला डबा कुणी धाडला? ह्या हातानी. तवा न्हाय लागली खवट? फोटो काढताना ताट धरायला मी, आन् फोटोत ह्या. ज्यांनी जन्मात मुसळ उचललं न्हाय त्या!"

"मग तुमी माझं नाव अख्ख्या गावात नासवायचं?"

"माझं नाव तर तू कुटं ठेवलंच न्हाईस, नासवायला बी."

बाहेर एक माणूस शटरखालून डोकावला, दोघींचे चेहरे पाहून मागे सरला. काशम्माने गल्ल्याच्या फळीवर हात आपटला.

"साक!" ती कानडीत ओरडली. बास झालं आता. मग श्वास लागला म्हणून थोडं थांबून ती मराठीत बोलली, दोघींचे मेल ज्या भाषेत गेले होते त्याच भाषेत. "चटणी हिनं केली. ते तुला ठाऊक होतं. तरी तू माझं तोंड लावलंस, कारण माझं तोंड खपतंय. आन् सुंदरम्मा, तू त्याच तोंडात घाण घातलीस. दोघींनी माझा फोटो काढून टाकायचा. नाव बी काढून टाकायचं. मी मेल्यावर बी लावायचं न्हाय."

"मी काढते," भुवनेश्वरी म्हणाली. "पण आधी हिनं माफीचा मेल धाडायचा. ज्या ज्या माणसाला तो गेला त्या सगळ्यांना."

"आधी तू धाड. खवट म्हणालीस त्याचा."

"मी न्हाय धाडणार."

"मग मी बी न्हाय."

चूक झाली की कळवणारा मेल हाही एक प्रकार असतो. भुवनेश्वरीने पुण्यात असे कितीतरी लिहिले होते, चुकीची किंमत छापली गेली, पार्सलं उशिरा गेली, आम्ही दिलगीर आहोत. दहा मिनिटांचं काम. तो दोघींपैकी एकीनेही कधी पाठवला नाही.

काशम्माचा फोटो मात्र सुंदरम्माने त्याच आठवड्यात काढून टाकला. दुकानावर नवी पाटी लागली, 'सुंदरम्मा शेंगा चटणी'. आणि यादीला एक मेल गेला. त्यात तिचा फोटो होता, पडवीत काढलेला, अर्धा अंधारात, कपाळावर घाम आणि मनगटापर्यंत लाल हात. मजकूर एवढाच:

'चटणी मी करते. आधीपासून मीच करते. सुंदरम्मा.'

भुवनेश्वरीने तो उघडला आणि धंद्याच्या नजरेने पाहिला. मथळा नाही. सवलत नाही. चटणी मागवायला दाबायचं बटणसुद्धा नाही. पुण्यातल्या साहेबाने असा मेल छापून घेऊन सगळ्यांसमोर फाडला असता. ती मोठ्याने हसली आणि सोमेशला दाखवायला गेली. सोमेशने वाचला आणि तो हसला नाही. फोन परत देऊन तो शेडमध्ये निघून गेला.

पुढच्या दोन महिन्यांत तिच्याकडची मागणी निम्म्यावर आली. तिने चटणीला 'भुवनेश्वरी' नाव दिलं, नवे मथळे काढले, स्वागताचा मेल बदलला, जुन्यांना हाका मारल्या. करकंबची बाई वाईट करत नव्हती, पण लोकांना एकदा सांगितलं होतं की काशम्मांच्या हातची, आता कुणाची म्हणून सांगायचं? शेवटी तिने चटणी हळूहळू कमी केली आणि बाहेरची कामं घेऊ लागली. चादरीच्या एका व्यापाऱ्याचे मेल, सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचे, एका क्लासचे. त्यात तिचा हात चालायचा. त्यावर घर बरं चाललं.

जावांचं बोलणं झालं नाही. अक्कलकोटला भावकीतल्या लग्नात दोघी एकाच पंगतीत समोरासमोर आल्या, तर भुवनेश्वरी ताट उचलून दुसऱ्या ओळीत गेली आणि सुंदरम्माने शेजारणीला ऐकू जाईल असं काहीतरी म्हटलं. काशम्मा सणाला धाकट्याकडेही जाऊ लागली, पण मोबाइल कुणी तिच्या समोर धरला की तोंड फिरवायची. नातवंडांनासुद्धा फोटो काढू दिला नाही.

उन्हाळ्यात नाशिकहून एका बाईंचं उत्तर आलं. निवृत्त शिक्षिका होत्या, पहिल्यापासूनच्या गिऱ्हाईक. 'हल्ली तुमच्या मेलमध्ये आजी दिसत नाहीत,' त्यांनी लिहिलं होतं. 'त्या बऱ्या आहेत ना? मला त्यांची फार आठवण येते. अजून चटणी त्याच कांडतात का?'

भुवनेश्वरीने लगेच उत्तर लिहायला घेतलं. सवयीने बोटं पुढे गेली, 'सासूबाई मजेत आहेत आणि तुमची आठवण काढतात', मग ते खोडलं. काशम्माला नाशिक कुठे आहे हेही माहीत नव्हतं. तिने पुन्हा लिहिलं. 'सासूबाई बऱ्या आहेत. चटणी त्यांनी कधी कांडली नव्हती. मी तसं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. चटणी करायच्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.'

इथवर आल्यावर पुढचं वाक्य सरळ होतं, त्यांचं दुकान बाळीवेशीत आहे, तिथून मागवा. बाहेर शेडमध्ये सोमेश खोके हलवत होता.

ते वाक्य तिने लिहिलं नाही. 'कळावे, भुवनेश्वरी' एवढं टाकलं आणि मेल पाठवून दिला.